हाक आणि मत

मराठीत ‘मी आले’ एवढे दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याला कळते, बाई बोलते आहे. आमची क्रियापदे मोठी चहाडखोर. बोलणाऱ्याचे काही म्हणून लपू देत नाहीत. इंग्रजीचे तसे नाही. त्या भाषेत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हे एकच, ‘तू’ आणि ‘आपण’ हेही एकच. स्त्री-पुरुषाचा भेद तिने जवळजवळ सगळा तृतीयपुरुषी सर्वनामात साठवून ठेवला आहे. म्हणजे माणूस समोर नसताना, त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलताना, तो भेद उच्चारावा लागतो. म्हणूनच की काय, गेल्या काही वर्षांत इंग्लंडातल्या कचेऱ्यांतून पत्राखाली सहीच्या शेजारी ‘मला ती म्हणावे’, ‘मला तो म्हणावे’ असे लिहिण्याची चाल पडली. कोणी ‘मला ते म्हणावे’ असेही लिहितात. पहिल्यांदा ते वाचले तेव्हा मला त्यात फारसे नवल वाटले नाही. सासऱ्यांना, मास्तरांना, भाडे मागायला येणाऱ्या घरमालकांना आम्ही जन्मभर ‘ते’च म्हणत आलो.

मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात पंचवीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करते. भाड्याची घरे बांधून ती सांभाळणारी एक संस्था आहे, तिच्या हिशेबखात्यात. काम कंटाळवाणे, माणसे बरी. एवढ्या वर्षांत कोणी माझे मत विचारले नाही आणि मीही ते सांगितले नाही. हिशेबनिसाला मत असू नये, आकडे असावेत, अशी आमच्या मोठ्या साहेबांची समजूत होती, आणि ती मला सोयीची होती.

पण मत होते. ते असे की, बाई ही देहाने बाई असते आणि पुरुष देहाने पुरुष. एखाद्या पुरुषाला स्त्रीच्या नावाने, स्त्रीच्या वेषात जगावेसे वाटले तर त्याने खुशाल जगावे; त्याला कोणी हसू नये, त्याची नोकरी कोणी काढू नये. पण तेवढ्याने त्याचे लिंग बदलते असे मला वाटत नाही, आणि जिथे कपडे उतरावे लागतात अशा थोड्या जागी विचार देहाचाच व्हावा असे वाटते. या मताला इंग्रजीत ‘जेंडर क्रिटिकल’ असे भारदस्त नाव आहे. मराठीत ‘लिंगभाव-चिकित्सक’ असे काहीतरी करता येईल. पण हा शब्द तोंडात धरून मंडईत गेले तर भाजीवाली कोथिंबिरीची जुडी परत घेईल. माझ्या आजीला तर हे मत आहे, हेच पटले नसते. ऊन पडले आहे, याला कोणी मत म्हणते का?

आजीची गोष्ट इथेच सांगते. आमचे घर कोल्हापूरकडचे. मंगळवारी आणि शुक्रवारी यल्लम्माचे जोगते जोगवा मागायला येत. पुरुष, पण साडी नेसलेले, कपाळभर हळद, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. त्यांतल्या एकाला आजी ‘या जोगतीणबाई’ म्हणूनच हाक मारी, पाट देई, परडीत जोंधळे घाली. एका श्रावणात ती जोगतीण नखशिखान्त भिजून आली. आजीने आपले जुने लुगडे काढून दिले. न्हाणीत माझी आत्या आंघोळ करीत होती. आजीने तिकडे बोट दाखवले नाही. माजघराशेजारच्या धान्याच्या कोठीचे दार उघडले आणि म्हणाली, ‘आत कडी आहे हो बाई, लावून घ्या.’ जोगतीण आत गेली, कोरडी होऊन बाहेर आली, ओसरीवर बसून चहा प्याली. कोणाचा अपमान झाला नाही, कोणी चर्चा केली नाही. आजीचे हे सारे निर्मळ होते असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या आदरात देवीच्या कोपाची भीती किती आणि माणुसकी किती, हे मोजायला ती आज नाही. आणि त्याच जोगतिणीला गावातली टारगट पोरे दगड मारीत, तेव्हा आजी दारात उभी राहून फक्त ओरडत असे. आपल्या देशात अशा माणसांना कायद्याने आपले म्हणायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा निकाल यावा लागला. त्याने तृतीयपंथी म्हणून वेगळी ओळख दिली आणि आपण कोण हे स्वतः ठरवण्याचा हक्कही दिला. स्वतंत्र कायदा झाला तो २०१९ साली.

त्या आजीकडून मी एक गोष्ट उचलली. हाक वेगळी, मत वेगळे. हाक ही समोरच्या माणसाची असते. ती त्याला हवी तशी द्यावी. मत आपले असते.

२०१६ साली माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवी व्यक्ती आली. उंच, हळू बोलणारी, आकड्यांत माझ्यापेक्षा तरबेज. तीन वर्षे ती पुरुषाच्या नावाने वावरली. २०१९ च्या उन्हाळ्यात सुट्टीवरून परतली ती बाईच्या नावाने. त्या सोमवारपासून मी तिला ‘ती’ म्हणू लागले. आजतागायत म्हणते, या लेखातही म्हणते आहे. आमची मैत्री झाली ती त्यानंतरच. आधी तो माणूस कोणाशी बोलतच नसे. ती आमच्या घरी येऊ लागली. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सोऱ्या धरून चकल्या पाडायला बसे. चकलीचे शेवटचे टोक आत दाबायचे असते, हे माझ्या मुलीला अजून जमत नाही, तिला पहिल्या घाण्यात जमले.

इंग्लंडचा कायदा या बाबतीत कसा चालत गेला तो इतिहास मोठा गमतीचा आहे. २०१० चा समता कायदा नऊ गोष्टींवरून भेदभाव करू नये असे सांगतो. वय, अपंगत्व, वंश, लिंग या त्यांतल्या काही. लिंगांतर ही आणखी एक. आणि ‘धर्म किंवा श्रद्धा’ ही आणखी एक. श्रद्धा म्हणजे देवावरचीच असे नाही. २००९ साली एका गृहस्थांनी हवामानबदलाविषयीचा आपला विश्वास ही श्रद्धाच आहे, असा दावा केला आणि वरच्या न्यायाधिकरणाने तो मान्य केला. त्या निकालात पाच कसोट्या घातल्या आहेत: श्रद्धा मनापासूनची हवी, नुसता तात्पुरता अभिप्राय नको, जीवनाच्या एखाद्या भारदस्त अंगाविषयी हवी, तिच्यात सुसंगती हवी, आणि लोकशाही समाजात आदराला पात्र अशी हवी. या कसोट्यांवर पुढे काय काय घासून पाहिले गेले! प्राण्यांपासून मिळणारी कोणतीच वस्तू वापरायची नाही, हे व्रत जानेवारी २०२० मध्ये श्रद्धा ठरले. पण साधा शाकाहार त्याच्या आदल्याच वर्षी नापास झाला होता. आमच्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा, पन्नास वर्षे कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणारी ती माऊली म्हणाली, ‘त्या जजाला एकदा आपल्याकडे जेवायला बोलाव.’ ग्लासगोच्या एका फुटबॉल संघावरची निष्ठाही २०२२ साली श्रद्धा ठरली नाही.

त्याच पाचव्या कसोटीवर माया फोर्स्टॅटर यांचे प्रकरण अडले. त्या करविषयक संशोधन करीत. लिंग देहाचे असते आणि ते बदलत नाही, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले, आणि त्यानंतर त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की हे मत लोकशाही समाजात आदराला पात्र नाही. जून २०२१ मध्ये अपिलात ते फिरले. नाझीवाद किंवा हुकूमशाही यांच्या पंगतीला बसणारी मतेच काय ती या कसोटीने बाहेर जातात, हे नव्हे, असे वरच्या न्यायाधीशांनी म्हटले. २०२२ च्या जुलैत त्या जिंकल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना व्याजासह एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. पण त्याच अपिलाच्या निकालात एक दुसरी बाजू आहे. हे मत बाळगणाऱ्याला तृतीयपंथी सहकाऱ्याला टोचून बोलण्याची मुभा मिळत नाही, छळ तो छळच, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. तपासणीला येणाऱ्यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे संबोधायला नकार देणारे एक डॉक्टर २०२२ साली अपिलातही हरले. मला हे दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे बरे वाटते. माझ्या आजीने कोठीचे दार उघडले त्याहून निराळे काही न्यायाधीशांना सुचले असे दिसत नाही. फक्त त्यांना त्यासाठी शेकडो पाने लागली.

२०२२ च्या सप्टेंबरात आमची कचेरी नव्या इमारतीत जायची होती. सायकलीने येणारे आणि बांधकामावर देखरेखीला जाणारे लोक अंग धुऊन कपडे बदलतात, त्यासाठी खोल्या होत्या. आराखड्यात लिहिले होते की बायकांची खोली स्वतःला बाई समजणाऱ्या कोणालाही खुली राहील. यावर सर्वांनी मत द्यावे म्हणून बैठक ठेवली होती. असल्या बैठकीत ‘मत द्या’ याचा अर्थ ‘मान हलवा’ असा असतो, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

बैठकीच्या तीन दिवस आधी मी तिला जेवणाच्या सुट्टीत सांगितले, की मी बोलणार आहे आणि काय बोलणार आहे. तिने डब्याचे झाकण लावले. म्हणाली, ‘तू खोलीविषयी बोलशील आणि सगळे माझ्याकडे बघतील.’

तसेच झाले. मी चाळीस सेकंदही बोलले नसेन. बायकांची कपडे बदलण्याची खोली देहाने बाई असणाऱ्यांसाठी ठेवावी, आणि तिच्या शेजारी आतून कडी लागणाऱ्या दोन स्वतंत्र खोल्या बांधाव्यात, ज्या कोणालाही वापरता येतील, एवढेच म्हटले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. सव्वीस माणसे तिच्याकडे पाहत होती.

तक्रार तिने केली नाही. दुसऱ्या खात्यातल्या दोघांनी केली. सात आठवडे चौकशी चालली. चौकशी करणारे गृहस्थ सौम्य होते. त्यांनी मला पाणी दिले आणि विचारले, ‘तुम्ही त्यांना ती म्हणता. मग त्या बाई नाहीत असे कसे म्हणता?’ मी म्हटले, ‘रोज वीस पत्रांची सुरुवात मी प्रिय महाशय अशी करते. त्यांतला एकही मला प्रिय नाही.’ त्यांनी ते लिहून घेतले. हसले मात्र नाहीत. शेवटी निर्णय आला की कोणताही नियम मोडलेला नाही, तथापि पुढे जपून बोलावे.

त्या दिवसांत माझ्या बाजूने कोण उभे राहिले ते सांगण्यासारखे आहे. दोघीजणींनी जिन्यात गाठून, खालीवर पाहून, ‘तू बोललीस ते बरोबर होते’ असे कानात सांगितले. मला धीर यायला हवा होता, रागच आला. बैठकीत यांच्या तोंडाला काय झाले होते? तिसरी होती सकाळी झाडलोट करणारी बाई, सोमालियाची. तिला बैठकीला बोलावलेच नव्हते. ती त्या खोलीत डोक्यावरचे वस्त्र काढून केस विंचरीत असे. ती मोठ्याने बोलली, मधल्या वाटेत उभी राहून बोलली, आणि तिच्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही, कारण तिचे बोलणे कोणी मोजतच नव्हते. चौथा वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ. त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि माझ्या सहकारिणीच्या चालण्यावर एक थट्टा केली. मी त्याला सांगितले की पुन्हा असे बोललास तर दुसरी तक्रार मी लिहीन, आणि माझे इंग्रजी तुझ्यापेक्षा शुद्ध आहे.

चौकशी चालू असतानाच दिवाळी आली. दर वर्षीप्रमाणे मी डबा नेला. चिवडा, शंकरपाळे, चकल्या. एरवी अकरा वाजेपर्यंत तळ दिसतो. त्या दिवशी साडेपाचला डबा उचलला तेव्हा तो मला सकाळइतकाच जड लागला. चकल्या मी एकटीनेच पाडल्या होत्या. जो फ्प्रा. जो फीनिक्स या गुन्हेशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या खटल्याचा निकाल २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या बाजूने लागला. त्यात असे आले आहे की नाताळच्या जेवणाला आलेल्या वर्णद्वेष्ट्या काकाची उपमा त्यांना सहकाऱ्याने दिली होती. ती ओळ वाचताना मला माझा तो डबा आठवला. पंगतीत पान मांडलेले असते, शेजारचा माणूस मात्र पाट सरकवून बसतो. ते कोणत्याच चौकशीत सिद्ध करता येत नाही.

मुलगी विद्यापीठातून दिवाळीला घरी आली होती. तिने डब्याचे झाकण उघडले आणि सगळे ओळखले. म्हणाली, ‘आई, हाक वेगळी आणि मत वेगळे, हे तुला पुरते. पण तिला रोज आठ तास ठाऊक असते की शेजारची बाई मनातून आपल्याला बाई मानत नाही. तुला एखाद्या गोऱ्या माणसाने सांगितले की मी तुझ्याशी सभ्यपणाने वागतो, पण तू इथली नाहीस असे माझे मत आहे, तर?’

‘सांगितले आहे की,’ मी म्हटले. ‘आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी. त्याच्या शेजारी मी नऊ वर्षे काम केले. त्याने मनात ठेवले असते तर मला त्याच्याशी भांडता आले नसते.’

‘आणि रोज भांडायचे नसेल तर?’ ती म्हणाली.

मुलीला मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हते म्हणून नव्हे; चहा उतू जात होता, आणि तिचे वय वीस होते. पण तिच्या बोलण्यातला एक धागा माझ्या हाती राहिला आहे. मी बोलायचे की नाही हे मला निवडता आले. ज्या विषयावर मी बोलले तो विषय अंगावर घेऊनच माझी सहकारीण रोज कचेरीत येते. तरीही मला वाटते, बायकांच्या खोलीविषयी बायकांनी बोलू नये, आणि बोलल्या तर नोकरीला मुकाव्या, हा न्याय नव्हे.

मत आणि पोटाची भाकरी यांचे वाकडे आपल्याकडेही जुने आहे. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना मुंबईतल्या महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली. दोन वर्षांनी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि मरेपर्यंत चालवले. त्यांची मते माझ्या मतांसारखी होती असे मुळीच नाही; आजच्या वादात ते कदाचित माझ्या मुलीच्या बाजूने बसले असते. पण मला त्याहून जास्त आठवतात टिळक आणि आगरकर. १८८७ साली मतभेदामुळे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. छापील कागदावर दोघे एकमेकांना सोलून काढीत होते, आणि तरी १८९० पर्यंत दोघे त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायला जात होते. एक गणित शिकवी, दुसरा तत्त्वज्ञान आणि इतिहास. सकाळी वाटेत भेटल्यावर ते एकमेकांना काय म्हणत असतील? नमस्कार तरी करीत असतील का? चरित्रकारांनी मोठमोठी भांडणे लिहून ठेवली, हे लिहिले नाही. मला तेच हवे होते.

१६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच न्यायाधीशांच्या एकमताने सांगितले की समता कायद्यातल्या ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ देहाच्या लिंगाप्रमाणे घ्यायचा. निकाल वाचताना न्यायमूर्तींनी बजावले की हा एका बाजूचा दुसरीवर विजय समजू नये. लिंगांतर केलेल्यांचे भेदभावापासूनचे संरक्षण कायम आहे. टीव्हीवर बाहेरच्या चौकात लोक शॅम्पेन उडवताना दिसले. मी बंद केला.

आमच्या कचेरीत पाटी बदलली. बायकांची खोली आता मी म्हटले होते तशी आहे. मी सुचवलेल्या दोन स्वतंत्र खोल्यांपैकी मात्र एकच बांधलेली आहे, तीही तळमजल्यावर; दुसरीला पैसे नव्हते. आमचे खाते तिसऱ्या मजल्यावर. माझी सहकारीण सायकलीने येते. रोज सकाळी ती पिशवी घेऊन वर येते, हजेरी लावते, पुन्हा तीन मजले उतरते, आणि केस ओले असताना परत चढते. तिसऱ्या मजल्यावर दुसरी खोली करावी असा अर्ज मी मेमध्ये दिला. त्याच्या खर्चाचा अंदाज मीच काढला आहे. दोन स्मरणपत्रेही पाठवली. अर्ज इमारतखात्यात आहे.

ती आता आमच्या घरी येत नाही. माझ्याशी बोलते, पण कामापुरते. परवा सहामाही हिशेबात एकोणीस पौंडांचा फरक निघत होता. ती खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘जरा बघतेस का?’ आम्ही दोघी पावत्या काढून बसलो. ती आकडे वाचीत होती, मी खुणा करीत होते. पाच वाजून गेले, साडेपाच झाले, बाकीचे दिवे मालवून निघून गेले. पावणेसहाला फरक सापडला. कुलपाच्या दुरुस्तीची एक पावती दोनदा चढली होती. तिने ती खोडली, सही केली, अंगरखा चढवला. दारापाशी थांबून तिने विचारले, यंदा दिवाळी कधी आहे. मी तारीख सांगितली. तिने ती भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिली, ‘सोमवार आला,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली.